मोशी ते माण, एका उलट्या खुर्चीसाठी

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला शहाणी समजणार नाही. माझी मुलगी मुक्ता आठ महिन्यांची असताना मी तिला टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून मोशीहून खेडजवळच्या माझ्या माहेरी नेलं होतं. आमच्या ह्यांचा तेव्हा टेम्पो होता. केबिनमध्ये एका बाजूला हे, एका बाजूला मी आणि मधे क्रेट. क्रेटमध्ये चार गोधड्या, गोधड्यांवर मुक्ता. क्रेट मी माझ्या हाताने नायलॉनच्या दोरीने सीटला बांधला होता, चांगल्या तीन गाठी मारून. मला वाटलं, पोरगी बांधली. चाकणच्या अलीकडे म्हैस आडवी आली आणि ह्यांनी करकचून ब्रेक मारला. क्रेट तसूभर हलला नाही. मुक्ता मात्र क्रेटमधून उडून माझ्या पायाशी पडली. हनुवटीला दोन टाके. आणि ती बावीस वर्षांची बाई डॉक्टरांना काय सांगते? "बघा ना, माझी एक गाठ सुटली नाही!"

ती बाई आज रस्त्यात भेटली तर मी तिचा कान धरीन. पण ती हल्ली फक्त आरशात भेटते, आणि तिथे कान धरला तर मलाच दुखतं.

हा किस्सा ह्यांनी नातीच्या बारशात माइक हातात घेऊन सांगितला. सगळं मंगल कार्यालय हसलं. मुक्ता हसली नाही. तिने मांडीवरच्या रेवाला जरा जवळ घेतलं, एवढंच. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे प्रकरण कुठेतरी निघणार.

निघालं ते रेवा अकरा महिन्यांची झाल्यावर. मुक्ता माणला राहते, हिंजवडीच्या टेकड्यांपलीकडे जे काचेचं गाव उगवलंय तिथे. जावई कंपनीच्या कामाने सहा महिन्यांसाठी परदेशी. मुक्ताची वाढवून घेतलेली रजा संपत आलेली, सोमवारपासून ऑफिस. मला माणला मुक्कामाला जाता येत नाही, घरी पंच्याऐंशीच्या सासूबाई आहेत. म्हणून ठरलं असं की रोज सकाळी मी माझ्या गाडीने माणला जायचं, रेवाला मोशीला आणायचं, आणि संध्याकाळी मुक्ताने तिला घेऊन जायचं. गाडी मी पन्नाशीत शिकले. जुनीच घेतलीये, पण माझ्या नावावर आहे. पोस्टमनलासुद्धा मी हे सांगते.

बुधवारी मुक्ताचा फोन आला.

"आई, रेवा तुझ्या गाडीतून येणार असेल तर बेबी सीट पाहिजे. आणि ती तू लावायचीस. बाबांनी नाही, मेकॅनिकने नाही. रविवारी घेऊन ये, माझ्यासमोर लाव. मी बघणार."

"आणि नाही जमलं तर?"

"मग मी बघते काहीतरी."

हे 'काहीतरी' म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही. सोसायटीतल्या पाळणाघरात ती दोनदा जाऊन आली होती आणि दोनदा नाक मुरडून परतली होती, एवढं मला ठाऊक. माझ्यापुरता हिशेब सरळ होता. खुर्ची जमली तर नात दिवसभर माझी. नाही जमली तर ती आपली सणावाराची पाहुणी.

मोशी ते माण तासा-दीड तासाचा रस्ता. लोक दोन तासांत विमानाने दिल्ली गाठतात. मला चार दिवस लागले. जे अजून त्या वाटेला गेले नाहीत, त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

गुरुवार, चिखली

आमच्या पट्ट्यातल्या माणसाची एक खोड आहे. दुकानात जाण्याआधी तो शेडमध्ये जातो. 'हे काय इकत घ्यायचं? हे तर आपणच बनवतो!' दाराची कडी असो, देवघर असो, नाहीतर लग्नातलं स्टेज. त्यामुळे माझ्या दिराचा मुलगा बबन, ज्याची चिखलीत फॅब्रिकेशनची शेड आहे, त्याच्याकडे मी आधी गेले यात मला काहीच वावगं वाटलं नाही. अजूनही पूर्ण वाटत नाही.

चिखलीत आता रस्त्याच्या एका अंगाला वीस-वीस मजल्यांच्या इमारती आहेत, त्यांची नावं उच्चारताना कवळी सुटावी अशी. दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या शेडी, भंगाराचे ढीग आणि दिवसाढवळ्या उडणाऱ्या वेल्डिंगच्या ठिणग्या. वरच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या साड्यांना खालच्या कटरचा आवाज. आमच्या मोशीतही हेच होणार आहे, फक्त आमच्याकडे अजून मधे मधे ऊस आहे.

बबनने सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"काकी, अगं ह्या पट्ट्यातून कुठली गाडी भाईर पडती जिच्यात आपला एखादा तुकडा न्हाई? आन तू खुर्ची इकत घेती व्हय? बस हितं. सांच्यापर्यंत देतो."

मी बसले. दुपारी पत्रा दाबायच्या प्रेसच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्याच्या कामगारांबरोबर जेवले: भाकरी, वांग्याचं भरीत, हाताने फोडलेला कांदा. असं भरीत हॉटेलात मिळत नाही, कारण ते गॅसकटरच्या ज्योतीवर भाजलेलं होतं.

संध्याकाळी खुर्ची तयार. चौकोनी पाइपची, वर स्पंज, त्यावर एका बसचं उरलेलं मरून रेक्झिन, आणि क्रेनला माल बांधतात तो पिवळा पट्टा. बबन तिच्यावर उभा राहिला. मग उड्या मारल्या. मग त्याने घण आणून पाठीवर दोन घातले. खुर्चीला पोचा आला नाही.

"ट्रक अंगावर आला तरी ह्या खुर्चीला कायबी व्हनार न्हाई," तो म्हणाला.

मी भारावून गेले. खुर्ची उचलायला आलेले हे म्हणाले, "अगं, पोरगी सव्वानऊ किलोची आहे, खुर्ची तीस किलोची." पण त्यांच्याकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

शुक्रवार, चाकण

आमच्या मागच्या खोलीत शिल्पा भाड्याने राहते, लातूरकडची. चाकणच्या एका कंपनीत गाडीचे सीटबेल्ट बनतात, तिथे तपासणी विभागात आहे. मी तिला फोनवर म्हटलं, जरा एक वस्तू बघून दे. ती म्हणाली, मावशी, आज ओव्हरटाइम आहे, मधल्या सुट्टीत गेटवर या.

मोशीचा पूल ओलांडला की इंद्रायणी खाली हिरवीगार दिसते. परगावचा पाहुणा म्हणतो, किती छान हिरवळ! ती जलपर्णी आहे, हे आम्ही त्याला गाडी पूल उतरल्यावर सांगतो. पुढे चाकणपर्यंत रस्ता कंटेनरांचा. कोऱ्या गाड्या पाठीवर दुमजली लादून चाललेले लांबलचक ट्रेलर बघून हे दर वेळी म्हणतात, "बघ, गाड्यांनाच गाडीत बसायला मिळतं." यावेळी मी म्हटलं, "नीट बघा, प्रत्येकीच्या चाकांना पट्टा बांधलाय."   आपण हे काय बोललो ते माझ्या दहा मिनिटांनी लक्षात आलं.

वाटेत एका खानावळीत मासवडी खाल्ली. नवख्यांसाठी सांगते, मासवडीत मासा नसतो. बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण असतं आणि रस्सा असा की बोलणं बंद व्हावं. ह्यांनी दुसऱ्यांदा रस्सा मागितला आणि मग तासभर पाणी.

शिल्पा गेटबाहेरच्या टपरीवर आली. ह्यांनी डिकी उघडली. तिने वाकून खुर्चीच्या पाइपवर टिचकी मारली.

"हे काय घेऊन फिरलालाव मावशी?"

"रेवाची खुर्ची. दणकट आहे की नाही?"

"लई दणकट हाय."

"म्हटलं होतं ना!" मी ह्यांच्याकडे बघितलं.

"सीटला कायच होणार नाही, मावशी. लेकराला होईल."

टपरीवाला हसला. मी हसले नाही. शिल्पाने चहाचा पेला खाली ठेवला आणि मला समजावलं. त्यांच्याकडे चाचणीला बाहुली बसवतात, माणसाएवढी, लेकराएवढी. बसवून जोरात नेऊन आपटतात. "आन आपटल्यावर आमी आधी सीट बघत नाही. बाहुली बघतो. मान किती गेली, छाती किती दबली. सीट मोडली तरी चालंल एखाद्या जागी, तिनं दणका स्वतः खायला पाहिजे. ही तुमची खुर्ची दणका खातच नाही. सगळा लेकराला वाढती."

तीस वर्षं आम्ही या पट्ट्यात वस्तू आपटून बघत आलो. तुटली नाही की चांगली. आता ही पोरगी सांगते, तुटली नाही म्हणून वाईट. 

"मग कसली घेऊ?"

"लेकरू वर्षाच्या आतलं हाय, तर उलटी घ्या. तोंड मागं."

"मागं? म्हणजे डिकीकडे बघत बसायचं तिनं?"

"हाव."

"ओकारी येईल की. आणि तिला मी दिसणार नाही, मला ती दिसणार नाही. मग दोघींनी करायचं काय?"

शिल्पाने एक तळहात माझ्या पाठीला लावला, दुसऱ्या हाताने कपाळ हलकेच पुढे ढकललं. "ब्रेक लागला की सगळं अंग पुढं जातं. तोंड पुढं असलं तर पट्टा अंग धरतो आन डोकं एकटं जातं. सगळा भार मानंवर. एवढीशी मान. उलटं बसवलं की सगळी पाठ आन डोकं खुर्ची एकदम झेलती. झोळीत झेलल्यासारखं."

भोंगा वाजला आणि ती पळाली. आम्ही मरून खुर्ची परत आणली. सध्या ती आमच्या ओट्यावर असते आणि तिच्यात शेजारची मांजर झोपते. बबन आला की मांजरीला उठवून स्वतः पुसून ठेवतो. त्याला वाईट वाटलं, पण तो म्हणाला, "आपटायला बाहुली पायजे, हे मला सुचाया पायजे व्हतं."

शनिवार, चिंचवड

चिंचवडच्या दुकानात गेल्यावर कळलं की कालपर्यंत मला जे कळत नव्हतं ते फारच थोडं होतं.

दुकानदार गलेलठ्ठ, हसतमुख. मला बघताच "या आजी" म्हणाला. कुणी दुकानदाराने मला आजी म्हणण्याची ही पहिली वेळ, पण नातीची खुर्ची मागायला गेलेली बाई भांडणार तरी कुठल्या तोंडाने?

त्याने ओळीने मांडलं. पहिली टोपलीसारखी, कडी धरून उचलायची. ती तान्ह्यांची, कायम उलटी. दुसरी आधी उलटी, मूल वाढलं की फिरवून सुलटी. तिसरी जन्मापासून सुलटीच. चौथीला पाठ आहे पण स्वतःचे पट्टे नाहीत, मोठ्या मुलाला बसवून गाडीचाच पट्टा लावायचा. पाचवीला पाठही नाही, नुसता पाट, आपल्याकडे जेवायला घेतात तसा. आणि सहावी म्हणजे या सगळ्या एकीत.

"बरं," मी म्हटलं. "कळलं." अजिबात कळलं नव्हतं.

"आता यात दोन जाती. हुकाची आणि पट्ट्याची."

ह्यांनी खिशातली लग्नपत्रिका काढून तिच्या पाठीवर लिहायला घेतलं: उलटी हुकाची, उलटी पट्ट्याची, सुलटी हुकाची... चौथ्या ओळीला त्यांनी पेन बंद केलं आणि दुकानातल्या पंख्याकडे बघत बसले.

"वजनावर घ्यायची का उंचीवर?" मी विचारलं.

"काही वजनावर, काही उंचीवर. खुर्चीवर लिहिलेलं असतं."

"आणि वयावर?"

"वय नुसतं अंदाजाला."

"म्हणजे वर्षाचा वाढदिवस झाला, आता फिरवा सुलटी, असं नाही?"

"घाई करायचीच नाही आजी. उलटी बसते तोवर उलटीच."

वजन विचारलं, उंची विचारली, वय विचारलं. पत्रिका तेवढी बघायची राहिली. मी शेवटचा प्रयत्न केला. "पुढे माझ्या शेजारी ठेवली तर? म्हणजे मला दिसेल तरी."

तो पहिल्यांदाच गंभीर झाला. "उलटी खुर्ची पुढे कधीच नाही. पुढे एअरबॅगचा फुगा असला आणि उघडला, तर थेट खुर्चीच्या पाठीवर. मागच्या सीटवरच."

मग आम्ही सगळे रस्त्यावर, माझ्या गाडीपाशी. हुकाची जात आधीच बाद झाली. नव्या गाड्यांत म्हणे सीटच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, हुकाची खुर्ची त्यांत टकटक बसते. माझ्या गाडीत हात घालून बघितलं तर फक्त शेंगदाणे निघाले. म्हणजे पट्ट्याची. दुकानदाराने मागचा सीटबेल्ट ओढला, तो आला. पण तो अडकवायचं बक्कल? बक्कलच नाही!

"आजी, बक्कल कुठंय?"

तेव्हा मला आठवलं. गाडी घेतली त्या आठवड्यात मी हौसेने सीटकव्हर शिवून घेतलं होतं, पिस्ता रंगाचं. कव्हरवाल्याने विचारलं होतं, "ताई, मागची बक्कलं वर काढू का आत ठेवू? वर टोचतात बसताना." आणि ती शहाणी बाई, तोवर चांगली पन्नाशीची झालेली, म्हणाली होती, "आतच ठेवा हो. मागे कोण लावतंय?"

आमच्या ओळखीतल्या दहा गाड्यांपैकी नऊंची बक्कलं अशीच कव्हराखाली झोपलेली आहेत. तुम्ही हे वाचून आपल्या गाडीत हात घालून बघालच.

दुकानदाराने ब्लेड आणलं. हे म्हणाले, "अगं, कव्हर!" मी म्हटलं, "कापा." पिस्ता रेक्झिन चिरलं गेलं आणि आतून कोरंकरकरीत बक्कल वर आलं, त्याबरोबर माझी दोन वर्षांपूर्वी हरवलेली कुडी. आधी उलटी मग सुलटी अशी पट्ट्याची खुर्ची घेऊन आम्ही मोशीला आलो.

संध्याकाळी अंगणात सराव. रेवाऐवजी नऊ किलो कांद्यांची पिशवी. खुर्चीला पट्टा जाण्याच्या दोन वाटा: एक निळ्या खुणेची, एक तांबड्या. मी तांबडी निवडली, शुभ म्हणून. खुर्ची झोके घ्यायला लागली, कांदे अंगणभर. पुस्तिका वाचली. निळी उलटीसाठी, तांबडी सुलटीसाठी. पुन्हा घातला. आता खुर्ची बसली, पण पट्टा सैल. शिल्पा कामावरून आली होती, ती म्हणाली, "गुडघा टेका मावशी, भार द्या, मग ओढा." मी साडी खोचून मागच्या सीटवर चढले, खुर्चीत गुडघा रोवला आणि पट्टा ओढला.

"खुर्ची आहे ती," हे म्हणाले, "कुस्ती नाही."

सासूबाई ओट्यावरून हे सगळं बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "व्हय गं, त्या कांद्यांनी कुनावर रुसून तोंड फिरवलंय?"

सतराव्या वेळी जमलं. कसं जमलं ते नीट सांगता येणार नाही. खुर्ची हलवली तर सगळी गाडी हलली.

रविवार, माण

हिंजवडी ओलांडली की रस्त्यावर एक गंमत दिसते. एका बाजूला आकाशाएवढी काच, आणि त्या काचेत चरणारी म्हैस. खरी म्हैस अलीकडे, रस्त्याकडेला. माणला पोचल्यावर वॉचमनने माझं नाव, नंबर, फोटो घेतला. आमच्या मोशीत पाहुण्याला आधी पाणी विचारतात. इथे ओटीपी.

मुक्ता खाली पार्किंगमध्ये उभी होती, कडेवर रेवा. खुर्ची मी मुद्दाम डिकीत आणली होती. परीक्षा म्हणजे परीक्षा.

मी लावली. निळी वाट, गुडघा, ओढ, टक्. मुक्ताने वाकून दोन्ही हातांनी खुर्ची हलवली. हलली नाही. तिने पट्ट्याची निळी खूण बघितली, कलंडलेला कोन बघितला. मग म्हणाली, "आता हिला बसव."

रेवाच्या अंगात मी शिवलेली दुलईची बंडी होती, डोक्यावर कुंची. मी दोन्ही काढली.

"का काढतेस? गाडीत एसी, गारठा," मुक्ता म्हणाली.

"पुस्तिकेत लिहिलंय, जाड कपड्यावर पट्टा घट्ट वाटतो, पण आत सैल राहतो. पट्टे लावल्यावर वरून पांघरेन."

मुक्ताने बंडी आणि कुंची हातात घेतली. मी पट्टे खांद्यांच्या जागी आणले, टक् केलं, ओढले, चिमटीत पट्टा धरायला गेले. धरता आला नाही, म्हणजे बरोबर. रेवाने सीटच्या चिरलेल्या रेक्झिनचं टोक पकडलं आणि खुशाल तोंडात घालायला निघाली.

"गाडी चालव," मुक्ता म्हणाली. "मी मागे बसते."

सोसायटीला दोन फेऱ्या मारल्या. प्रत्येक गतिरोधकाला मी गाडी पहिल्या गिअरवर आणली. मुक्ता रेवाच्या शेजारी बसून एकेक काढत होती. पट्टा पिळलाय का? नव्हता. डोकं पडतंय का? पडत नव्हतं. ऊन डोळ्यांवर येतंय. खिडकीला ओढणी लावायचं मी ठरवलं होतं. मग तिचं विचारणं थांबलं. आरशात मला ती खिडकीबाहेर बघताना दिसली, आणि रेवाने तिचं एक बोट मुठीत धरलेलं.

गाडी लावली. रेवा झोपली होती. मी म्हटलं, "झाले ना पास? तोंड का पडलंय तुझं? काही राहिलं का?" मला खरंच कळेना. सगळं बरोबर केलं होतं मी, आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच.

तिने डोळे पुसले, रेवाचा पट्टा उगीचच एकदा चाचपला, आणि म्हणाली, "आई, चिडू नकोस. तुला हे जमू नये म्हणून मी गणपतीला नारळ बोलले होते. तू नापास झाली असतीस ना, तर मला रजा वाढवून अजून महिनाभर तरी घरी राहता आलं असतं."